बिनसहीचं पत्र

मंडळाच्या स्मरणिकेचं काम यंदा मितालीकडे आहे. परवा तिचा फोन आला. "मिलिंददादा, वैशंपायनबाईंवर एक पान हवंय. फार डिटेलमध्ये नको. जन्म, शिक्षण, मंडळासाठी योगदान, एवढंच. तुमचं मराठी चांगलं आहे म्हणून तुम्हालाच सांगतेय. खाली नाव नाही टाकलं तरी चालेल, आपण 'कार्यकारिणी' असं टाकू."

मी "बरं" म्हणालो. मी नेहमीच "बरं" म्हणतो. तुमचं मराठी चांगलं आहे आणि खाली 'कार्यकारिणी' टाकू, ही दोन वाक्यं जोडीने मी याआधी एकदा ऐकली आहेत. त्याचं पुढे काय झालं ते मंडळात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या बाई गेल्या महिन्यात गेल्या.

त्यांचा जन्म कुठला, शिक्षण कुठलं, हे मिताली दुसऱ्या कोणाला विचारेल. मला बाई आठवतात त्या कॉव्हेंट्रीच्या बसस्टॉपवर. सुती साडी, साडीवर गुडघ्यापर्यंत येणारा निळा रेनकोट, पायात ट्रेनर्स आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत आल्याच्या चहाचा फ्लास्क आणि हिरव्या शाईचं पेन. लाल शाई त्यांनी शिक्षिकेच्या नोकरीत कधी वापरली नाही. "लाल दिसलं की पोरं फक्त मार्क बघतात. हिरवं दिसलं की निदान वाचतात तरी," असं त्यांचं म्हणणं होतं.

लग्न केलं नव्हतं. मंडळात नवीन आलेलं कोणी 'काकू' म्हणालं की त्या म्हणायच्या, "मी कोणाच्या काकाशी लग्न केलेलं नाही. बाई म्हणा." इथल्या सरकारी शाळेत तीसेक वर्षं त्यांनी इतिहास शिकवला. तिथली मुलं आडनावाला घाबरून त्यांना 'मिस व्ही' म्हणत. त्यांचा खास विषय सोळाव्या शतकातला युरोप, म्हणजे प्रबोधन आणि धर्मसुधारणा. वैशंपायनांच्या मुलीला पोपच्या भानगडी कशाला हव्यात, असं एकदा दिवाळीच्या फराळाला एका काकांनी हसत हसत विचारलं. बाई चकलीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "तुम्ही जन्मभर इंग्रजांच्या गाड्यांचे गिअरबॉक्स केलेत, तेव्हा तुम्हाला कोणी विचारलं होतं का?" काकांनी पुढची चकली मुकाट्याने खाल्ली.

खरं तर बाईंच्या लेखी सोळावं शतक संपलेलंच नव्हतं. आमच्या मंडळातल्या प्रत्येक माणसाला त्यांनी तिथे जागा दिली होती. वाढदिवसापासून बारशापर्यंत सगळ्या ऑर्डरी घेणारे आणि ऐनवेळी अर्धेच पदार्थ आणणारे आमचे केटरर म्हणजे लिओनार्दो. "कल्पना अफाट. पूर्ण केलेलं काही दाखव." सकाळी सहापासून व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड पाठवणारा एकजण म्हणजे गुटेनबर्ग. "छापखाना हाताशी आला की माणूस काय छापतो हे महत्त्वाचं, कळलं का?" आणि आमचे अध्यक्ष सरपोतदारसाहेब म्हणजे आठवा हेन्री. मंडळाची घटना अडचणीची वाटली की ते घटनाच बदलायचे. दोन टर्मचा नियम त्यांनी तिसऱ्या टर्मच्या आदल्या महिन्यात काढून टाकला होता.

मी सेक्रेटरी. तो घटनादुरुस्तीचा मसुदा माझा होता. तो वाचून बाई म्हणाल्या, "सुंदर लिहिलंयस. तू आमचा क्रॅनमर."

"तो कोण?"

"आर्चबिशप. हेन्रीला जे हवं असेल ते उत्तम भाषेत मांडून द्यायचा. फार हुशार, फार सभ्य माणूस."

मी खूश झालो. पुण्याहून वर्क व्हिसावर आलेल्या माझ्यासारख्या माणसाला कोणी एकदम आर्चबिशप केलं तर तो खूश होणारच. ऑफिसमध्येही सांगितलं. तिथली एक इंग्रज सहकारी भुवया उंचावून म्हणाली, "ओह डिअर." ती असं का म्हणाली हे मी विचारलं नाही. बाईंना विचारलं होतं, की पुढे त्याचं काय झालं? त्या म्हणाल्या, "शेवट तू स्वतः वाच." मी वाचला नाही. मला बरंच काही न वाचण्याची सवय आहे, ते पुढे येईलच.

दर रविवारी सकाळी भाड्याच्या हॉलमध्ये त्या मंडळाचा मराठीचा वर्ग घेत. इथे जन्मलेली वीसेक मुलं असायची. त्यांचं मराठी म्हणजे आजीशी फोनवर बोलण्यापुरतं. बाईंचा एकच नियम कडक होता. जे काही लिहाल त्याखाली पूर्ण नाव लिहायचं, आणि वाचून दाखवलं तर शेवटी नावही वाचायचं. मग विषय माझं मांजर असो की मला ब्रॉकोली का आवडत नाही हा असो.

मी एकदा म्हटलं, "बाई, मुलं आहेत ती. नाव कशाला?"

"पोप चुकतोय असं ल्यूथरच्या आधी शेकडो लोक म्हणत होते, मिलिंद. घरात म्हणत होते, गुत्त्यात म्हणत होते. याने कागदावर लिहिलं आणि खाली नाव घातलं. तो कागद त्याने चर्चच्या दाराला खिळ्यांनी ठोकला की नाही यावर अजून वाद आहे. नाव होतं यावर वाद नाही." मग फ्लास्कचं झाकण पिळत म्हणाल्या, "बिनसहीचं मत म्हणजे बिनमिठाचं वरण. पोट भरतं, पण कोणी केलं ते कोणी विचारत नाही."

एका शनिवारी त्या मला शहराबाहेरच्या एका जुन्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. रिटायर झाल्यावर आठवड्यातून दोनदा त्या तिथे गाइड म्हणून जात. उत्तरेकडच्या पांढऱ्या भिंतीवर एका ठिकाणी चुना खरवडलेला होता आणि त्यातून एक रंगीत डोळा आणि अर्धी बाही दिसत होती. धर्मसुधारणेच्या काळात संतांची चित्रं काढून टाकायचा हुकूम आला तेव्हा गावाने ती चुन्याने झाकली होती. मी म्हणालो, काय रानटी लोक असतील. बाईंनी मान हलवली.

"ज्याने हा चुना फासला तो गावचाच माणूस होता. लहानपणी याच चित्राखाली बसलेला. त्याला वरून पत्र आलं, त्याने बादली उचलली. रात्री घरी जाऊन जेवलाही असेल नीट. मला राजांपेक्षा या माणसाचा विचार जास्त छळतो."

तेव्हा मी त्या डोळ्याचा मोबाइलवर फोटो काढला. तो अजून आहे.

आता मूळ गोष्ट. ती सांगायला मी उशीर करतोय हे माझं मलाच कळतंय.

तीन वर्षांपूर्वीच्या गणपतीत बाईंनी ठरवलं की आरतीआधी मुलांनी बाप्पाशी बोलायचं. स्वतः लिहिलेली चार-पाच वाक्यं, ज्या भाषेत येतील त्या भाषेत. "गुरुजी लेस्टरहून येतात, त्यांचं संस्कृत खणखणीत आहे, ते म्हणतीलच. पण या पोरांचं देवाशी बोलणं काय फक्त गुरुजींच्या मार्फत व्हायचं? सोळाव्या शतकात सगळी लढाई याचीच तर होती." मला कल्पना आवडली. मी समितीत मांडली, पास झाली.

गणपतीच्या आठ दिवस आधी बाईंनी मला मुलांच्या प्रार्थनांची फाइल दिली. "सगळ्या वाच. चौथी दोनदा वाच. ईशाची आहे. तिच्या आईला मी विचारलंय, ती म्हणाली, वाचू दे तिला. पण आजोबांना आधी सांगायला हवं, आणि ते तू सांग. माझं ते ऐकणार नाहीत, तू त्यांच्या जवळचा आहेस. त्यांना नको असेल तर मी ईशाला समजावेन."

ईशा म्हणजे सरपोतदारांची नात, नऊ वर्षांची.

मी फाइल गाडीच्या डिकीत टाकली. त्या आठवड्यात ऑफिसात रिलीज होतं, घरी पाहुणे होते, मखराचं कापड आणायचं होतं. कारणं पुष्कळ आहेत आणि सगळी खरी आहेत. फाइल मखराच्या कापडाखाली गेली. आदल्या संध्याकाळी हॉल सजवताना बाईंनी विचारलं, "वाचलीस?"

"वाचली की. एकदम मस्त झालंय."

"आणि आजोबा?"

"बोललो. नो प्रॉब्लेम."

मखराच्या कापडाबरोबर हॉलमध्ये आलेली फाइल बाईंनी उचलून पुढे केली. मी कव्हरवर लिहिलं, 'वाचले. ओके. मिलिंद.' त्यांच्याच हिरव्या पेनने.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला होता. पहिल्या तीन मुलांनी शाळेत चांगले मार्क, कुत्रा आणि भारतातल्या आजीचा गुडघा मागितला. लोक कौतुकाने हसत होते. मग परकर-पोलक्यातली ईशा माइकपाशी आली आणि कागद दोन्ही हातांत धरून वाचायला लागली.

"बाप्पा, माझी बाबा आता ब्रॅकनेलमध्ये राहतो. आजोबा सगळ्यांना सांगतात की तिकडे त्याला ऑफिसचा काम आहे. पण त्याचा टूथब्रश पण तिकडे आहे आणि त्याचा गिटार पण. प्लीज त्याला घरी आण. आणि तू खूप बिझी आहेस तर मग मला खरं सांगायची परमिशन दे, कारण खोटं बोलून माझी पोट दुखतो." ती थांबली, आणि नियमाप्रमाणे नाव वाचलं. "ईशा निखिल सरपोतदार."

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेत सरपोतदारसाहेब हातात आरतीचं तबक घेऊन उभे होते, ते तसेच उभे राहिले. ईशाची आई पुढे गेली, तिने मुलीला उचलून घेतलं. बाईंनी आधी सरपोतदारांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्या एका नजरेत त्यांना सगळं कळलं असणार. मी निरांजनाच्या वाती सारख्या करत होतो.

पुढच्या रविवारी दुपारी सरपोतदारांच्या घरी समितीची बैठक झाली. बाईंना बोलावलं नव्हतं. चहा आणि चिवडा होता. सरपोतदार वाईट माणूस नाही, हे मला इथे लिहायला हवं. मुलाचं घर मोडतंय हे त्यांनी वर्षभर एकट्याने गिळलं होतं आणि ते त्यांच्या नातीच्या तोंडून चारचौघांत बाहेर आलं होतं.

"हू अप्रूव्ड धिस? मला फक्त एवढंच सांगा. माझ्या घरातली गोष्ट स्टेजवर जाते आणि कमिटीत कोणालाच माहीत नाही? बाईंनी कोणालाच दाखवलं नाही, असंच ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण फाइली माझ्याकडे येतात. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत होतो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर काय झालं असतं? सरपोतदार ओरडले असते. कदाचित सेक्रेटरीपद गेलं असतं. फुकटची कामं कमी झाली असती. एवढंच. दुसऱ्या बाजूला बाईंचा वर्ग होता, आणि बाईंना इथे दुसरं कोणी नव्हतं.

मी म्हणालो, "माझ्यापर्यंत तसं काही आलं नव्हतं."

"मग क्लासचं बघावं लागेल," सरपोतदार म्हणाले. "पेरेंट्स आळीपाळीने घेतील. मिलिंद, लेटर तू ड्राफ्ट कर, तुझं मराठी चांगलं आहे. नाव कोणाचं नको, खाली 'कार्यकारिणी' टाक."

मी उत्तम पत्र लिहिलं. 'आपल्या प्रदीर्घ आणि निरपेक्ष सेवेबद्दल मंडळ आपले सदैव ऋणी राहील' अशी सुरुवात होती. 'उपक्रमाच्या स्वरूपात कालानुरूप बदल' होता. 'संबंधितांची पूर्वसंमती न घेतल्याने उद्भवलेली परिस्थिती' होती. हे शेवटचं लिहिताना माझी बोटं क्षणभरही अडखळली नाहीत. त्या रात्री मी नीट जेवलो.

आठवड्याने पोस्टाने एक लिफाफा आला, मंडळाच्या नाही तर माझ्या घरच्या पत्त्यावर. आत माझंच पत्र होतं, हिरव्या शाईने तपासलेलं. समासात बारीक अक्षरात शेरा होता. 'मांडणी स्पष्ट. भाषा नम्र. दहापैकी सात. लेखकाने आपले नाव लिहिलेले नाही, म्हणून तीन गुण वजा.'

त्या पत्रामागे आणखी एक कागद टाचलेला होता. फाइलचं कव्हर. 'वाचले. ओके. मिलिंद.'

तो कागद त्यांना कुठेही दाखवता आला असता. सरपोतदारांना दाखवला असता तर वर्ग तिथल्या तिथे परत मिळाला असता. त्यांनी तो एकमेव पुरावा मलाच पाठवून दिला. मी फोन करणार होतो. रोज करणार होतो. मग म्हटलं, थोडं शांत होऊ दे. मग संक्रांत आली, मग ईस्टर आला. पालकांनी आळीपाळीने घेतलेला वर्ग जूनमध्ये बंद पडला. लिफाफा माझ्या कपाटात कौन्सिल टॅक्सच्या कागदांखाली होता.

बाई मंडळात पुन्हा आल्या नाहीत. बसस्टॉपवर त्यांचा निळा रेनकोट दिसला की मी पलीकडच्या फुटपाथवरून जायचो. एवढ्या मोठ्या शहरात माणूस टाळणं फार सोपं आहे.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी त्या जुन्या चर्चमध्ये गेलो. मुद्दाम गेलो, सगळं सांगायचं म्हणून. कव्हरही खिशात होतं. बाई शाळेच्या एका ग्रुपला फिरवत होत्या. बारीक झाल्या होत्या, रेनकोट खांद्यांवरून लोंबत होता. मी मागे खांबापाशी थांबलो. एका मुलीने विचारलं, "मिस, व्हॉट हॅपन्ड टू द आर्चबिशप?"

बाई त्यांच्या संथ, स्वच्छ इंग्रजीत सांगायला लागल्या. राजा बदलला, पोपला मानणारी राणी आली, वारं फिरलं. म्हाताऱ्या क्रॅनमरला तुरुंगात टाकलं. जीव वाचेल या आशेने त्याने जे जे आयुष्यभर मानलं ते चूक होतं असं लिहून सह्या करून दिल्या, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तरी त्याला जाळायचं ठरलंच. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर त्याने तेच पुन्हा म्हणावं अशी अपेक्षा होती. तो उभा राहिला आणि म्हणाला, ते सगळं मी भीतीने लिहिलं, ते खोटं आहे. आणि आग पेटल्यावर ज्या हाताने लिहिलं होतं तो उजवा हात त्याने आधी ज्वाळेत धरला.

"सो वॉज ही अ कावर्ड ऑर ब्रेव्ह?" एका मुलाने विचारलं.

"बोथ," बाई म्हणाल्या. "मोस्ट ऑफ हिज लाइफ, द फर्स्ट. पीपल फर्गेट दॅट यू कॅन बी लेट." आणि मग मान न वळवता, खांबाच्या दिशेने, मराठीत म्हणाल्या, "उशीर झाला तरी चालतं."

त्यांनी मला आल्यापासून पाहिलं होतं.

मुलं दाराशी ठेवलेल्या वहीत नावं लिहायला धावली. त्यांच्यामागे मीही गेलो. बाई टेबलाच्या पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी वही माझ्याकडे फिरवली आणि हिरवं पेन मधल्या घडीत ठेवलं. खिशात कव्हर होतं, तोंडात दोन वर्षांची वाक्यं होती. मी पेन उचललं, 'अ व्हिजिटर, कॉव्हेंट्री' असं लिहिलं, "येतो बाई" म्हणालो आणि बाहेर पडलो. दाराबाहेरून वळून पाहिलं. बाई चष्मा कपाळावर चढवून वहीवर वाकल्या होत्या. त्यांनी ती ओळ वाचली. मग त्यांनी पेनला टोपण लावलं नाही. पेन तसंच उघडं त्या ओळीशेजारी ठेवलं आणि पुढचे लोक येईपर्यंत दाराकडे बघत उभ्या राहिल्या.

मिताली, हे एका पानात बसणार नाही. नाही छापलंस तरी मी सरपोतदारसाहेबांना याची एक प्रत स्वतः नेऊन देणार आहे, आणि एक ईशाला, तिला एवढं मराठी वाचता येईल तेव्हासाठी. फाइल बाईंनी मला आठ दिवस आधी दिली होती. ती मी वाचली नाही. आजोबांना विचारलंय असं मी खोटं सांगितलं. बैठकीत खोटं बोललो. बाईंना काढून टाकणारं पत्र मी लिहिलं. खाली 'कार्यकारिणी' टाकू नकोस.

मिलिंद वसंत देवस्थळी